दिल्लीची ओटी

बाईला दोन घरं असतात, एक सासर आणि एक माहेर, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मला तीन होती, आणि तिसऱ्याला काय म्हणायचं हे मला कुणीच सांगितलं नाही. सासर औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात, माहेर अजिंठ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात आणि नवरा दिल्लीत. नवरा राहतो ते बाईचं घर, हे शाळकरी पोरीलाही कळतं. पण त्या घरात मी वर्षातून एकदा जायची आणि तेही परतीचं तिकीट पदराला बांधून.

दिल्लीचं खूळ माझ्या सासऱ्यांचं. ते निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते. उर्दू अक्षर असं, की मोठमोठे वकील त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली आणि ऐन चाळिशीत त्यांना पोरांसारखं मराठीत टिपणं लिहायला शिकावं लागलं. पुढं राजधानीही बदलली. हैदराबादची मुंबई झाली. त्यांना मात्र राजधानी म्हटलं की शेवटपर्यंत हैदराबादच आठवायचं. ते म्हणायचे, "हैदराबादला माणूस चार दिस राहून आला की अंगावर मांस चढायचं. तुमच्या दिल्लीहून वाळून येतंय." तरी पोराला त्यांनीच दिल्लीला धाडलं. त्यांचा हिशोब साधा होता. "राज्यं बदलत राहत्यात. नोकरी धरावी तर दिल्लीची. दिल्ली काय बदलत नाय."

अशा तऱ्हेनं हे केंद्र सरकारच्या एका खात्यात चिकटले, आणि दोन वर्षांनी मी यांना चिकटले. जावई दिल्लीला असतो म्हणून आमच्या गावात माझ्या आईचा भाव वाढला. पाणवठ्यावरच्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं की मी आता पंतप्रधानांच्या शेजारी राहायला जाणार. मलाही तसं थोडंफार वाटलं असेल. एकोणिसाव्या वर्षी काय वाटत नाही?

लग्नानंतर हे सुट्टी संपवून निघाले तेव्हा म्हणाले, "क्वार्टर मिळालं की नेतो. दिल्लीत भाड्यानं घर घेऊन बायको ठेवायची म्हणजे पगार तिथंच संपायचा." सरकारी क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वतःचा नळ आणि स्वतःचं दार. त्यासाठी नंबर लावावा लागतो, आणि नंबर वर वर सरकत जातो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. सोनं नको, साड्या नकोत. यांच्याबरोबर एका दाराच्या आत राहायचं होतं आणि आता जायचं कधी, असं कुणी विचारायला नको होतं. एवढंच. ऐकायला किती सोपं वाटतं.

पहिल्यांदा दिल्लीला गेले ती दिवाळीनंतर, यांच्याबरोबरच. तेव्हा औरंगाबादहून छोटी गाडी निघायची. मनमाडला उतरायचं, सामान डोक्यावर घेऊन पूल ओलांडायचा आणि मोठ्या गाडीची वाट बघत बसायचं. माझ्याजवळ ज्वारीच्या पिठाचा डबा होता. हे म्हणाले होते, दिल्लीत सगळं मिळतं, ज्वारीचं पीठ मिळत नाही. तो डबा मी दिल्लीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

करोल बागेत तीन मजली घराच्या गच्चीवर यांची खोली होती. अशा खोलीला तिकडं बरसाती म्हणतात. एक खोली, बाहेर पत्र्याखाली मोरी आणि पुढं मोकळी गच्ची. खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या. फाळणीत पलीकडून आलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, बुटक्या, गोऱ्यापान. डोक्यावर कायम पांढरी ओढणी आणि हातात कायम लोकरीचे टाके. हे त्यांना माताजी म्हणायचे. आम्ही जिन्यात पाय ठेवला तर त्या दारातच उभ्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कितने दिन?"

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "पंद्रह दिन, माताजी."

"पक्का? कब जाना है, तारीख बता दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या नवरीचं स्वागत असं करतात? गाडीवरून उतरलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग जायचं कधी ते. वर गेल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, खोली एकट्याच्या भाड्यात आहे, पाण्याची टाकी लहान आहे, त्या बोलत नाहीत पण... "बोलत नाहीत?" मी म्हटलं. "अजून काय बोलायचं राहिलं?"

मला वाटत होतं, हिंदीची तरी आपल्याला अडचण नाही. औरंगाबादचं माणूस हिंदीला भितं का? शहागंजात मी भाजी हिंदीत घ्यायची, बांगड्या हिंदीत भरायची. दुसऱ्या दिवशी माताजींनी चहा विचारला तर मी ऐटीत म्हणाले, "नक्को, मेरेकू अब्बी नक्को." त्या टाके विणायच्या थांबल्या. मग इतक्या हसल्या की सुईवरून टाके निसटले. "तेरी हिंदी कहाँ की है, बेटा?" त्या दिवसापासून मी जिना उतरणंच कमी केलं.

हे सकाळी साडेआठची बस पकडायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. मधला सगळा दिवस मी गच्चीवर. चारी बाजूंना गच्च्या, प्रत्येक गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पण माणूस दिसेल तर शपथ. औरंगपुऱ्यात आमच्या दोन खोल्या दुकानावर होत्या. खिडकी उघडली की रस्ता सरळ घरातच यायचा, आणि मी त्या गोंगाटाला शिव्या द्यायची. दिल्लीत पहिल्या आठवड्यात मला त्या गोंगाटाची इतकी आठवण आली की मी एकटीच बसून रडले. संध्याकाळी हे आल्यावर स्टोव्हवर भाकरी करायची. ती मात्र छान व्हायची. पीठ ताजं होतं. दहाव्या-बाराव्या दिवशी पिठाची विरी गेली, भाकरी थापताना चिरायला लागली. मी मनात म्हटलं, पिठालाही कळलं, आता निघायची वेळ झाली.

निघायच्या दिवशी मी ट्रंक बांधली, केसांवरून हात फिरवला आणि उंबऱ्यापाशी आले. हे म्हणाले, "थांब जरा." कोपऱ्यातल्या पिशवीतून त्यांनी नारळ काढला. दिल्लीत नारळ कुठून आणला कोण जाणे. एका वाटीत तांदूळ होते, एक हळकुंड होतं आणि हिरवा ब्लाऊजपीस होता, ज्याचा रंग माझ्या एकाही साडीला जाणार नव्हता. कुंकवाची पुडी त्यांनी उघडली आणि बोट कुंकवात बुडवून उभे राहिले. मग ते माझ्या कपाळावर टेकवलं.

"पदर धर," ते म्हणाले.

मी पदर धरला. काय चाललंय हे मला कळायच्या आत ओंजळभर तांदूळ पदरात पडले, त्यावर नारळ. अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. हे गुडघ्यावर बसून ते वेचायला लागले. जिन्यात माताजी उभ्या होत्या, मला निरोप द्यायला की मी खरंच जाते का बघायला, देव जाणे. त्यांनी ते सगळं बघितलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"आई करते की. आमच्या बहिणी सासरी निघाल्या की ओटी भरते. बाईनं रिकाम्या पदरानं जाऊ नये." त्यांना मनापासून वाटत होतं की आपण काहीतरी बरोबर केलं.

गाडीत मला आधी हसू आलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, समोरची बाई विचारायला लागली, "क्या हुआ, बहनजी?" तिला काय सांगणार? पुरुषानं ओटी भरलेली मी जन्मात बघितली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी नारळ बघितला. "कुनी भरली गं ओटी? दिल्लीत आपलं कोन हाय?"

"त्यांनी."

सासूबाईंना आधी कळेचना. कळल्यावर त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि हसून हसून त्यांना उचकी लागली. "पुरुषानं? अन् ती बी सोताच्या बायकूची? येडं झालं का काय माझं लेकरू!" आठवडाभर येईल त्या बाईला त्यांनी ती गोष्ट सांगितली. मीही हसत राहिले. मग माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. आई नाही हसली. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "भाबडा हाय गं जावई. पर त्येला एवढं कळंना का? जी जानार तिची वटी भरत्यात. घरच्या बाईची कोन भरतंय?"

आई सहज बोलून गेली. माझ्या मनात ते रुतून बसलं. म्हणजे माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मला पाहुणी करून टाकलं होतं. त्या ओटीचे तांदूळ मी रागानं घरच्या तांदळाच्या डब्यात ओतले आणि डबा हलवून मिसळून टाकले.

पुढची वर्षं अशीच गेली. मुलगी झाली, ती माझ्याबरोबर दिल्लीला यायला लागली, आधी कडेवर, मग बोट धरून, मग खिडकीच्या जागेसाठी भांडत. मी शाळेत शिकवायला लागले होते. वर्षातून एकदा मी जायचे, आणि वर्षातून दोनदा हे यायचे. उरलेलं वर्ष पत्रं आणि महिन्याची मनीऑर्डर. कर्णपुऱ्याच्या जत्रेला गल्लीतल्या बाया नवऱ्याबरोबर जायच्या, मी सासऱ्यांबरोबर. शहागंजातला कापडवाला मला दिल्लीवाली भाभी म्हणायचा. दुकानात पाऊल टाकलं की विचारायचा, "भाभी, भाईसाब कब आरे?" आणि तिकडं माताजी विचारायच्या, कब जाना है. इकडं सगळ्यांना यायची तारीख हवी, तिकडं जायची. राहण्याबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही.

गल्लीत माझी चेष्टा व्हायची. कुणी म्हणायचं, तुझं बरंय बाई, रोजची कटकट नाही. मी हसायचे. संध्याकाळी सगळ्या घरांतून पुरुषमाणसं खाकरत, सायकली लावत वर यायची. जिन्यात पावलं वाजली की माझं लक्ष जायचं, इतक्या वर्षांनंतरही जायचं. पावलं पुढं निघून जायची. या वेळेची मला फार भीती वाटायची. मी मुद्दाम त्या वेळी मुलींच्या शिकवण्या ठेवल्या होत्या.

आणि हे घरी आले तर? हे घरातले पाहुणे. सासूबाई पुरण घालायच्या, सासरे स्वतःची खुर्ची द्यायचे. हे पाणी प्यायला उठायचे आणि पेला कुठं असतो ते त्यांना आठवायचं नाही. मी जाग्यावरून सांगायची, "डावीकडं." त्यांना स्वतःच्या घरात डावं-उजवं सांगावं लागायचं, आणि मला त्यांच्या घरात. एका दिवाळीत जेवताना ते म्हणाले, "राजमा येतो का गं तुला?" मी चकलीच्या सोऱ्याशी झटत होते. मी म्हटलं, "हे कुठून शिकून आलात? इथं मिळत नाही असलं काही." "नाही, सहज. तिकडं खातो कधी कधी," असं म्हणून ते जेवत राहिले. मीही विसरून गेले.

क्वार्टर मिळालं ते आमची मुलगी सातवीत असताना. यांचं पत्र आलं, नंतर खालच्या दुकानात फोनही आला. शहराच्या पार टोकाला, पण दोन खोल्या, नळ, दार. तो फोन मी कानाला इतका दाबून धरला होता की कान लाल झाला. त्याच पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सासरे ऐंशीच्या घरात. यांच्या बहिणी लांब. कुणी मला थांब म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, दिसतच होतं. सासूबाई माझ्या हातून भात खाताना डोळ्यांनी माझी माफी मागायच्या. मी त्यांच्यावर रागवू शकले असते तर बरं झालं असतं.

हे म्हणाले, "एकट्याला दोन खोल्या काय करायच्या? खायला उठतील." त्यांनी क्वार्टर सोडून दिलं आणि माताजींच्या गच्चीवरच राहिले.

त्यानंतरच्या फेरीत मी पहिल्यांदा भांडले. निघायच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा नारळ काढला. मी पदर धरलाच नाही. म्हटलं, "बास करा हे. मी काय तुमची माहेरवाशीण आहे? ओटी पाहुणीची भरतात. तुमच्या दिल्लीनं मला कधी घरात घेतलंच नाही, निदान तुम्ही तरी पाहुणी म्हणू नका."

ते नारळ हातात घेऊन उभे राहिले. फार बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "मग काय करू? तू जाताना माझ्या हाताला काहीतरी काम पाहिजे ना."

मी पदर पुढं केला. मुलगी आमच्या दोघांकडं बघत होती. जिन्यात माताजी होत्याच, त्यांना मराठी कळत नव्हतं. एव्हाना माताजींच्या तोंडूनही 'नक्को' निघायला लागलं होतं, आणि मी भाकरी केली की एक खाली पाठवायची. पण तो प्रश्न काही सुटला नव्हता. मी जिन्यात पाय ठेवला की आधी तोच. कितने दिन?

सासूबाई गेल्या, पाठोपाठ सासरे गेले. मग मुलीची बारावी होती, मग कॉलेज, मग लग्न. प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी बघू. शेवटी हे म्हणाले, आता निवृत्तीला दोनच वर्षं राहिली, आता तू नोकरी सोडून कशाला येतेस, मीच येतो कायमचा. तोवर मोठी गाडी थेट औरंगाबादपर्यंत यायला लागली होती. मनमाडचा पूल सुटला. मी घराला रंग दिला, यांच्यासाठी खिडकीजवळ लाकडी खुर्ची करून घेतली. पेल्यांचा कप्पा उजवीकडं घेतला, ते नेहमी उजवीकडंच हात घालायचे म्हणून.

जानेवारीत, ऑफिसात, दुपारच्या चहाच्या वेळी हे खुर्चीतच गेले. मला कळलं ते संध्याकाळी, शिकवणी चालू असताना. माझा धाकटा भाऊ गावाहून आला, आम्ही निघालो. धुक्यानं गाडी वाटेत अडकून पडली. पोचलो तेव्हा लोक थांबले होते, एवढंच आठवतं. बाकीचं मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

दिवस झाले, दोन महिने गेले. आमच्याकडं चाली अजून कडक होत्या. चैत्राच्या हळदीकुंकवाला बायका माझ्या दारावरून पुढं गेल्या. त्यांना मी दोष देत नाही, मीही अशीच पुढं गेले होते कुणाकुणाच्या दारावरून. शेजारची सून चुकून करंडा घेऊन आत आली, मला बघितलं आणि "पानी प्यायला आलते" म्हणाली. मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर फडताळात माझा करंडा दिसला, तो उचलून मागच्या फळीवर ठेवला.

मग खोली रिकामी करायला मी भावाला घेऊन दिल्लीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ दिल्लीला जाताना ज्वारीचं पीठ नव्हतं.

माताजी दारात उभ्या होत्या. खूप थकल्या होत्या, आता टाके विणत नव्हत्या. मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. हात धरून मला आत नेलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी इतका वेळ कधी बसले नव्हते. न राहवून मीच म्हणाले, "माताजी, कल शाम की गाड़ी है. कल जाना है."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाल्या, "अब क्यों बताती है? अब तारीख का मैं क्या करूँगी?"

मला काही कळेना. मग त्या सांगत गेल्या. मी गेले की हा माणूस दोन दोन, चार चार दिवस स्टोव्ह पेटवायचा नाही. ऑफिसातून यायचा आणि गच्चीवर बसून राहायचा. विचारलं तर भूक नहीं, माताजी. लग्न करून एकटाच परत आला तेव्हाच तो असा आजारी पडला होता. तेव्हापासून मी ज्या दिवशी जायची त्या दिवशी संध्याकाळचं जेवण त्या करून ठेवायच्या आणि समोर बसून त्याला खायला लावायच्या. "राजमा बनाती थी. राजमा रात को भिगोना पड़ता है, बेटा. तारीख पता न हो तो कैसे भिगोऊँ?"

भाऊ खाली मान घालून चहा पीत होता. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नानं जळत आले, तो प्रश्न माझ्या नवऱ्याच्या जेवणाचा होता. हे मला कधी बोलले नाहीत. काय बोलणार? तू गेल्यावर मी जेवत नाही, असं सांगणारा तो माणूसच नव्हता. एकदा राजमा मागितला होता, तो मी सोऱ्याच्या नादात उडवून लावला.

खोलीत फारसं काही नव्हतं. कपडे, स्टोव्ह, अंथरूण, एक चष्मा. कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हिरवा ब्लाऊजपीस होता. पुढच्या फेरीसाठी आणलेला. माझ्या एकाही साडीला जाणार नाही असाच रंग. मी तो कपाळाला लावला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. भाऊ गच्चीवर निघून गेला, ते बरं केलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामान खाली गेलं. मी जिना उतरत होते. माताजी मधल्या पायरीवर उभ्या, एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात ताट. ताटात तांदूळ होते, नारळ होता. वाटीत कुंकू होतं.

"रुक," त्या म्हणाल्या. "पल्ला आगे कर."

भाऊ पायरीवरून वळला. "अहो, माताजी, ये हमारे में..." तो पुढं म्हणणार होता की विधवेची ओटी भरत नाहीत. आणि भरणारीही विधवा. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो तिथंच थांबला. माताजींनी इतकी वर्षं याच जिन्यातून जे बघितलं, तेच त्या करत होत्या. त्यांच्या मते आमच्यात बाईला निरोप असाच देतात. आणि तो देणारा माणूस आता नव्हता, म्हणून त्यांनी ते काम स्वतःकडं घेतलं होतं. चूक होती. अशी चूक माझ्या जातीत, माझ्या गावात, माझ्या गल्लीत कुणी केली नसती.

मी पदर धरला. त्यांच्याही हातून निम्मे तांदूळ पायऱ्यांवर सांडले. मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, आणि माझ्या कपाळाकडं बघून क्षणभर थांबल्या. तेवढं त्यांनाही कळत होतं. त्यांनी ते बोट नारळाला टेकवलं.

"बेटी को खाली झोली नहीं भेजते," त्या म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला, आणि तशीच खाली बसून पायऱ्यांवरचे तांदूळ वेचायला लागले. हे वेचायचे तसे, एक एक.

घरी येईपर्यंत भाऊ त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. गावी आईलाही त्यानं सांगितलं नाही. औरंगपुऱ्यातल्या घराचं कुलूप काढलं तेव्हा दिवेलागण झाली होती, जिन्यात शेजाऱ्यांची पावलं वाजत होती. नव्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नव्हतं. मी ते तांदूळ या खेपेला डब्यात ओतले नाहीत. निवडले, धुतले आणि वेगळ्या पातेल्यात शिजवले. ताट वाढून घेतलं. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि हात थांबला. भूक नव्हती. मग गच्चीवर बसून राहिलेला तो माणूस आणि समोर राजम्याची वाटी घेऊन बसलेल्या माताजी डोळ्यांपुढं आल्या. आता मला समोर बसून खायला लावणारं कुणी नव्हतं. मी ताटातला सगळा भात संपवला.